कोरियातलं म्हातारपण, नाती आणि आत्महत्येचा धोका: एका काळजीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. दक्षिण कोरियात सुवोनला नोकरी करणारा एक मराठी तरुण एका कोरियन आजींच्या घरात भाड्याने राहतो. आजींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. यजमान गेल्या वर्षी वारले. मुलगा सोलला, मुलगी कॅनडात. पूर्वी आजी याला हौसेने जेवायला बोलवायच्या, ते आता बंद झालंय. परवा त्या म्हणाल्या, ‘मी लवकर गेले तर पोरांची सुटका होईल.’ कोरियात म्हाताऱ्या माणसांच्या आत्महत्या इतक्या का होतात, त्याचं कारण एकटेपणा आहे का, आणि परदेशी भाडेकरूने यात पडावं का, असं त्याने विचारलंय. शेवटी एक ओळ आहे: ‘माझेही आई-वडील कराडला दोघंच असतात.’

निकडीचं आधी सांगते. हो, यात पडावं, आणि या आठवड्यातच पडावं. गेलेले यजमान, बंद झालेलं जेवणाचं बोलावणं आणि ‘पोरांची सुटका’ हे शब्द, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर मी वाट बघत नाही. नेमकं काय करायचं ते पुढे सविस्तर लिहिलंय. घाई असेल तर थेट तिथे जा, बाकीचं नंतर वाचा.

मी बरीच वर्षं वृद्धांच्या मानसोपचारात काम करते. या क्षेत्रातल्या कुणालाही कोरियाचा अभ्यास केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण म्हातारपण आणि आत्महत्या यांचा संबंध तिथे जितका उघडा दिसतो तितका क्वचितच कुठे दिसतो. २०१० च्या सुमारास तिथे पासष्टीपुढच्या दर एक लाख माणसांमागे वर्षाला सुमारे ८० जण आत्महत्येने जात होते. ऐंशी ओलांडलेल्यांमध्ये हा आकडा १२० च्या वर होता. तुलनेसाठी सांगायचं तर भारताचा सगळ्या वयांचा मिळून अधिकृत दर २०२२ मध्ये लाखामागे १२.४ होता, आणि आपल्याकडे नोंदी कमी होतात हे धरूनही अंतर प्रचंड आहे. ओईसीडी या विकसित देशांच्या गटात गेल्या वीस वर्षांतली बहुतेक वर्षं कोरिया या बाबतीत पहिला आहे.

पण हाच आकडा पुढे उतरला. २०२३ मध्ये पासष्टीपुढचा दर सुमारे ४० होता आणि ऐंशीपुढचा ६० च्या आसपास. जवळजवळ निम्मा. अजूनही तो फार आहे, आणि वयाबरोबर धोका वाढत जातो हे चित्रही तसंच आहे. तरी दहा-बारा वर्षांत एखादी गोष्ट निम्म्याने कमी होते तेव्हा ‘त्या लोकांचा स्वभावच तसा’, ‘त्यांची संस्कृतीच तशी’ असली स्पष्टीकरणं टिकत नाहीत. स्वभाव दहा वर्षांत बदलत नाही. परिस्थिती बदलते.

तेव्हा परिस्थिती बघू. आज ज्या कोरियन आजी-आजोबांबद्दल आपण बोलतोय ते साधारण १९३५ ते १९५० दरम्यान जन्मले. जपानी राजवट १९४५ ला संपली, पाठोपाठ १९५० ते ५३ चं युद्ध झालं. ही पिढी उपासमारीत वाढली आणि देश उभा करता करता म्हातारी झाली. जवळ जे काही होतं ते त्यांनी मुलांच्या शिक्षणात घातलं. शेतकऱ्यांनी कामाचे बैल विकून मुलांच्या फिया भरल्या, म्हणून विद्यापीठांना ‘बैलांच्या हाडांचे मनोरे’ म्हणायची पद्धत तिथे पडली. यामागचा हिशोब सरळ होता: आम्ही तुम्हाला शिकवतो, म्हातारपणी तुम्ही आम्हाला बघा. कन्फ्युशियसच्या परंपरेत आई-वडिलांची सेवा हे सगळ्यात मोठं कर्तव्य, त्यामुळे हा करार कुणी कागदावर लिहिला नाही.

मग करारच बदलला. १९९८ च्या सरकारी सामाजिक पाहणीत ‘म्हाताऱ्या आई-वडिलांचा सांभाळ कुटुंबाने करावा’ असं म्हणणारे सुमारे ९० टक्के होते. २०२२ च्या पाहणीत ते २० टक्क्यांच्या खाली आले. एका पिढीच्या आत. मुलं वाईट निघाली असं मी म्हणणार नाही. १९९७ च्या आर्थिक संकटाने त्यांच्या नोकऱ्या गेल्या, पुढे घरांच्या किमती आणि नातवंडांच्या शिकवण्यांचे खर्च त्यांच्या उरावर बसले. पण म्हाताऱ्यांनी आपला वाटा आधीच भरलेला होता, आणि तो परत येण्याची वेळ आली तेव्हा नियम बदलले होते. राष्ट्रीय पेन्शन सुरू झालं १९८८ मध्ये आणि सगळ्यांना लागू झालं १९९९ मध्ये. ज्यांची साठी तेव्हा आली किंवा उलटली होती त्यांच्या हाती त्यातून फारसं काही लागलं नाही. म्हणून आज एवढ्या श्रीमंत देशात पासष्टीपुढची सुमारे ४० टक्के माणसं सापेक्ष गरिबीत, म्हणजे देशातल्या मधल्या उत्पन्नाच्या निम्म्याहूनही कमी पैशात, आहेत. ओईसीडीची सरासरी १४ टक्के आहे. सोलच्या चढावरच्या गल्ल्यांत हातगाडीवर पुठ्ठे रचून ओढत नेणारी वाकलेली म्हातारी माणसं तुम्ही पाहिली असतीलच. सरकारी पाहणीनुसार अशी सुमारे ४२ हजार माणसं आहेत, त्यांचं सरासरी वय ७६, आणि या कामातून महिन्याला सरासरी १ लाख ५९ हजार वॉन मिळतात, म्हणजे आपले दहा हजार रुपयेसुद्धा जेमतेम. सुवोनमध्ये दहा हजारांत काय येतं ते तुम्हाला माहीतच आहे.

नात्यांबद्दल बोलताना मी पैशाकडे का वळले? कारण कोरियात पैशाने नात्यात शिरून जे केलं ते माझ्या मते या सगळ्याचं मूळ आहे. २००० साली गरिबांसाठी निर्वाह-साहाय्याचा कायदा आला, पण त्यात ‘सांभाळाची जबाबदारी असलेल्या नातेवाइका’ची अट होती. मुलगा, मुलगी किंवा जावई कमावता असेल तर म्हाताऱ्याला मदत नाही, मग तो पैसे देवो वा न देवो. मदत हवीच असेल तर मुलाशी संबंध उरलेला नाही हे कागदावर सिद्ध करावं लागे. आपल्या पोटच्या मुलाने आपल्याला टाकलंय असं एखाद्या आईने सरकारी टेबलावर लिहून द्यायचं, म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. कितीतरी जणांनी अर्जच केला नाही, कारण अर्ज केला की चौकशी मुलाकडे जाणार, त्याच्या बायकोसमोर, त्याच्या सासरच्यांसमोर त्याची मान खाली जाणार. मुलाची अब्रू राखण्यासाठी त्यांनी उपाशी राहणं पत्करलं. ही अट टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि निर्वाह-भत्त्यापुरती ती २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बहुतेकांसाठी उठली. वैद्यकीय मदतीत तिचे अवशेष अजून आहेत. म्हाताऱ्यांच्या मानसिक आरोग्याच्या चर्चेत हा कायदा क्वचितच निघतो आणि मला ते खटकतं. गोळ्या आणि समुपदेशन यांच्याइतकाच तो आमच्या विषयाचा भाग आहे.

आता एकटेपणाकडे येते. २०२३ च्या राष्ट्रीय वृद्ध पाहणीत पासष्टीपुढच्यांपैकी ३२.८ टक्के एकटे राहत होते, तीनच वर्षांपूर्वी ते २० टक्क्यांच्या आसपास होते. मुलांबरोबर राहणारे फक्त १०.३ टक्के उरले. एकटं राहणाऱ्यांमध्ये नैराश्य अधिक, हे तिथल्या अभ्यासांत वारंवार दिसतं. पण यावरून ‘मुलांनी आई-वडिलांना घरी आणावं, प्रश्न मिटला’ असा निष्कर्ष काढू नका. भरल्या घरात, सून-मुलगा-नातवंडांच्या मधोमध राहून जीव देणारी म्हातारी माणसंही आम्ही पाहतो, आणि घरातली धुसफूस हा वृद्धांच्या आत्महत्येतला ठळक धोका आहे असं अनेक देशांतले अभ्यास सांगतात. उलट खेड्यात एकट्या राहणाऱ्या, सकाळी उठून मिरच्यांच्या वाफ्यात जाणाऱ्या, दुपारी चौघींत बसणाऱ्या आजी ठणठणीत असतात.

फरक कुठे पडतो? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेली एक उपपत्ती मला कामात फार उपयोगी पडली आहे. जगणं नकोसं होण्यामागे दोन भावना असतात असं ते सांगतात: ‘मी कुणाचा नाही’ आणि ‘मी सगळ्यांना भार झालोय’. तरुणांकडे पहिली जास्त ऐकू येते. म्हाताऱ्यांकडे, निदान माझ्यासमोर बसणाऱ्यांकडे, दुसरी फार जोरात असते. आणि ज्या समाजात ‘मुलांसाठी झिजणं’ हीच चांगल्या आई-वडिलांची ओळख आहे तिथे ही भावना भयंकर रूप घेते. आयुष्यभर मुलांसाठी त्याग केला, आता शेवटचा त्याग म्हणजे आपणच बाजूला होणं, असं ते मन स्वतःला पटवतं. तुमच्या आजींचं वाक्य म्हणूनच मला जड वाटलं. त्या ‘मला करमत नाही’ म्हणाल्या नाहीत. आपल्या जाण्याने दुसऱ्याचं भलं होईल असं त्या म्हणाल्या. हे खरं नसतं. ज्या घरात असं घडतं ती मुलं पुढची वीस-वीस वर्षं सुटत नाहीत, हे मी त्या मुलांकडूनच ऐकलंय.

म्हणून नाती किती आहेत हे मोजण्यापेक्षा त्या नात्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातून काही दिलं जातं का हे मी बघते. फक्त घेणाऱ्याच्या जागी बसवलेलं माणूस, कितीही प्रेमाने बसवलं तरी, आतून खचत जातं. तुमच्या आजींचं जेवायला बोलावणं बंद झालं याचा अर्थ त्यांच्याकडचं देणं बंद झालं. नैराश्याने हातपाय गळाले म्हणून ते झालं असेल, यजमान गेल्यावर एकटीसाठी स्वयंपाक करावासा वाटत नसेल, किंवा बाजारहाटाचे पैसे आखडले असतील. तिन्ही शक्यता तपासण्यासारख्या आहेत, आणि तिसरी विचारायला माणसं लाजतात म्हणून ती राहून जाते.

इथे बायका आणि पुरुष यांचं वेगळं सांगायला हवं. वृद्ध पुरुषांचा आत्महत्येचा दर बायकांच्या कितीतरी पट आहे, कोरियात तीन पटींच्या घरात. कोरियातल्या गावोगावी आणि प्रत्येक मोठ्या वसाहतीत ‘ग्योंगनोदांग’ नावाची वृद्धांची बैठकीची जागा असते, देशभरात ६५ हजारांहून जास्त. तिथे दुपारचं जेवण एकत्र शिजतं, पत्ते होतात, जमिनीखालून ऊब दिलेल्या उबदार फरशीवर पाय पसरून गप्पा होतात. कुणी दोन दिवस आलं नाही की चौकशीला माणूस जातो. पण तिथलं राज्य बहुतांशी बायकांचं. सोलमधल्या थापगोल बागेच्या आसपास बसणारे, पासष्टीनंतर फुकट असलेल्या मेट्रोने दिवसभर या टोकाहून त्या टोकाला फिरणारे, ते पुरुष. नोकरी गेली की ओळख गेली, बायको गेली की मुलांशी जोडणारा धागाही गेला, कारण मुलांचे फोन आईला यायचे. कुणाला न कळता घरात मृत्यू आलेल्यांची कोरियन सरकार आता वेगळी गणना करतं. २०२३ मध्ये असे ३,६६१ मृत्यू होते. त्यांत दर पाचांपैकी चारांहून अधिक पुरुष, आणि सगळ्यात जास्त पन्नाशी-साठीतले. म्हणजे म्हातारपणीच्या एकाकीपणाची सुरुवात म्हातारपणाच्या बरीच आधी होते.

फोन करून विचारपूस करण्याच्या योजनांचा फायदाही दोघांना सारखा होत नाही. इटलीत व्हेनेतो भागात हजारो वृद्धांना नियमित फोन करण्याची एक सेवा दहा वर्षांहून जास्त काळ चालली आणि तिथे आत्महत्या अपेक्षेपेक्षा स्पष्ट कमी झाल्या. पण तो फायदा मुख्यतः बायकांमध्ये दिसला. माझाही अनुभव असाच आहे. आजींना फोन पुरतो. आजोबांना काम लागतं. कोरियन सरकारची वृद्धांना हलकी कामं देण्याची योजना आहे, शाळेपाशी रस्ता ओलांडून देणं, बाग झाडणं, एकट्या राहणाऱ्या दुसऱ्या वृद्धाकडे डोकावणं, महिन्याला ३० तास आणि २०२४ मध्ये २ लाख ९० हजार वॉन. तिच्यावर ‘ही काय खरी कामं’ अशी टीका होते. मला ती टीका पटत नाही. अंगात ते पिवळं जाकीट घालून कुणीतरी आपली वाट बघतंय म्हणून सकाळी बाहेर पडणं, हे बहात्तर वर्षांच्या माणसासाठी औषधाच्या बरोबरीचं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते वाक्य. कोरियात एक जुनी म्हण वजा थट्टा आहे की जगात तीन मोठी खोटी बोलणी असतात: व्यापारी म्हणतो तोट्यात विकतोय, वयात आलेली मुलगी म्हणते लग्न करणार नाही, आणि म्हातारं माणूस म्हणतं मला मरायचंय. ही थट्टा जिवावर बेतते. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? ‘आता देवाने न्यावं’ हे आपण रोज ऐकतो आणि ‘असं नाही बोलू हं आजी’ म्हणून पुढे जातो. कोरियात आत्महत्येने गेलेल्यांच्या घरच्यांशी सविस्तर बोलून, शेवटच्या महिन्यांचा माग काढणारं एक राष्ट्रीय केंद्र २०१४ मध्ये सुरू झालं. त्यांच्या नोंदींत गेलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी आधी काही ना काही इशारा दिलेला होता. तो इशारा आहे हे ओळखणारी घरं चौथ्या हिश्श्याहूनही कमी होती. बाकीच्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं, पण ‘म्हातारी माणसं असं बोलतातच’ म्हणून सोडून दिलं होतं.

मी ऐकताना काय पाहते ते सांगते. ‘देवाने न्यावं’ म्हणणारी आजी पुढच्याच वाक्यात नातीच्या लग्नाला कुठलं लुगडं नेसायचं ते बोलत असेल, तर ती थकली आहे, पण तिचा एक पाय आयुष्यात घट्ट आहे. बोलण्यात पुढचं काहीच उरलेलं नसेल, सगळी वाक्यं मागे किंवा संपण्याकडे जात असतील, तर मी सावध होते. ‘मी नसले तर तुमचं बरं’ ही पुढची पायरी. त्याच्या जोडीला पहाटे तीनला जाग येऊन झोप न लागणं, जेवण अर्ध्यावर येणं, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या मुद्दाम सोडणं, दागिने किंवा कागदपत्रं वाटून टाकणं, पाळलेल्या प्राण्याची सोय लावणं, दारू वाढणं, नाहीतर खूप अस्वस्थ असलेलं माणूस एकाएकी शांत होणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करायची. वृद्धांच्या बाबतीत हे इतक्या कडकपणे सांगण्याचं कारण आहे. सगळ्या वयांचा मिळून एका मृत्यूमागे साधारण पंचवीस प्रयत्न असा अंदाज धरतात, तरुणांमध्ये त्याहून कितीतरी जास्त, वृद्धांमध्ये साधारण चारच. दुसरी संधी मिळेल असं धरून चालता येत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला गोंधळात टाकेल. कोरियन आजी ‘मला उदास वाटतं’ असं सहसा म्हणणार नाहीत. छातीत गोळा आलाय, अंगातून आग निघते, श्वास पुरत नाही, पोट बिघडलंय, असं त्या सांगतील. गिळलेल्या रागातून येणाऱ्या अशा दुखण्याला तिथे ‘ह्वाब्योंग’ म्हणतात आणि ते अनेक वर्षं सासर, नवरा, गरिबी निमूट सोसलेल्या बायकांत जास्त सापडतं. आपल्याकडच्या ओपीडीत ‘जीव घाबरतो’, ‘डोकं भणभणतं’ म्हणत येणाऱ्या मावशी आणि या आजी यांच्यात मला काही अंतर दिसत नाही. त्या हाडांच्या, हृदयाच्या, पोटाच्या डॉक्टरकडे फिरत राहतात आणि नैराश्य तसंच राहतं. कोरियात याला नियमाचीही साथ होती: २००२ पासून मानसोपचारतज्ज्ञ सोडून इतर डॉक्टरांना नैराश्याची नेहमीची औषधं ६० दिवसांपलीकडे देता येत नव्हती. तो निर्बंध २०२२ च्या शेवटी सैल झाला. मानसोपचाराच्या दवाखान्याची पायरी चढायला लाजणाऱ्या पिढीसाठी हा नियम मोठं नुकसान करून गेला, असं माझं मत आहे. म्हातारपणीचं नैराश्य औषधांनी आणि सोबतीने चांगलं बरं होतं. ते वयाचा अटळ भाग नाही.

मग दर उतरला कशाने? सगळ्यात झटपट परिणाम झाला तो एका बंदीने. खेड्यापाड्यांत वृद्धांच्या मृत्यूंना कारण ठरणारं एक अतिविषारी तणनाशक कोरियाने २०११-१२ मध्ये बाजारातून काढलं. त्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत शेतीच्या विषारी औषधांनी होणाऱ्या आत्महत्यांचा दर जवळपास निम्मा झाला. शिवाय गावांमध्ये शेतीची औषधं ठेवायला कुलपाच्या पेट्या वाटल्या गेल्या आणि त्यांच्यावर नजर ठेवायला गावातलीच माणसं तयार केली गेली. टोकाची इच्छा लाटेसारखी येते आणि बहुतेकदा काही तासांत ओसरते, त्या तासांत घातक वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचतं, आणि वाचलेली बहुसंख्य माणसं पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. विदर्भातल्या ज्या घरांत औषधाचे डबे खाटेखाली असतात तिथे हे सांगून सांगून आमचा घसा बसतो.

बाकीचं हळूहळू घडलं. २०१४ च्या जुलैमध्ये मूलभूत पेन्शन आलं, पासष्टीपुढच्या खालच्या ७० टक्क्यांसाठी. सुरुवातीला महिना २ लाख वॉनपर्यंत, २०२४ मध्ये ३ लाख ३४ हजारांच्या पुढे, म्हणजे सुमारे वीस हजार रुपये. तेवढ्यावर तिथे भागत नाही, पण नातवाच्या हातात खाऊला पैसे ठेवता येतात, आणि ते देणं किती मोठं असतं ते वर लिहिलंच आहे. (आपल्या श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये वेळेवर आले नाहीत की तालुक्याला खेटे घालणारे आजोबा मी पाहते, तेव्हा हा आकडा आठवतो.) २०२० पासून एकट्या वृद्धांकडे नियमित जाऊन-बोलून येणाऱ्या सेविकांची सेवा एकत्रित झाली, ती आज पाच लाखांच्या आसपास वृद्धांपर्यंत पोचते. आणि एक साधी गोष्ट मला फार आवडते: रोज सकाळी दारावर दही-पेयाच्या बाटल्या पोचवणाऱ्या बायका १९९४ पासून एकट्या वृद्धांची खबर ठेवतात. कालची बाटली दाराशी तशीच दिसली तर त्या बेल वाजवतात, उत्तर आलं नाही तर कार्यालयाला कळवतात.

तुमच्या हातात काय आहे? आधी आजींकडे जा, त्यांच्यासाठी काही घेऊन जाण्यापेक्षा त्यांच्याकडे काही मागायला जा. किमचीला मीठ किती लावायचं, यजमानांचा फोटो कुठला, काहीही. बसा. घाई करू नका. मग सरळ विचारा: ‘आजी, परवा तुम्ही म्हणालात की लवकर गेले तर पोरांची सुटका होईल. जीव द्यावा असं मनात येतं का?’ आडून विचारू नका. असं विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही, हे अभ्यासांनी पक्कं झालंय. बहुतेक वेळा समोरच्याचे खांदे सैल होतात, कारण कुणीतरी शेवटी विचारलं. तुमचं कोरियन तोडकं असेल तर तोडक्यातच विचारा, फक्त आदराची रूपं सांभाळा. त्या ‘हो’ म्हणाल्या तर समजूत घालायला लागू नका, ‘पोरांचा विचार करा’ तर मुळीच म्हणू नका, कारण पोरांचाच विचार करून त्या तिथवर आल्यात. ‘केव्हापासून?’, ‘कसं करायचं ते ठरवलंय का?’ एवढं विचारा. ठरवलेलं असेल तर त्यांना एकटं सोडू नका, ती वस्तू घरातून हलवा आणि ११९ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावा. ठरवलेलं नसेल तरी १०९ हा राष्ट्रीय आत्महत्या-प्रतिबंध क्रमांक चोवीस तास चालतो; तो आजींनाच लावायला हवा असं नाही, काय करावं ते तुम्हीही विचारू शकता. ‘कुणाला सांगू नको’ असं वचन मात्र देऊ नका.

मुलाला कळवायचं. हे तुम्हाला अवघड वाटेल, परक्याने घरात नाक खुपसल्यासारखं. मुलाला दोष येणार नाही अशा शब्दांत सांगा: आजी कमी जेवतात, झोपत नाहीत, असं असं म्हणाल्या, मला काळजी वाटली. आपल्या भागाच्या दोंग (प्रभाग) कार्यालयात कल्याण विभागाचं टेबल असतं, तिथे एकट्या वृद्धाची माहिती शेजाऱ्याने दिली तरी ते घरी माणूस पाठवतात. १२९ या सरकारी मदत क्रमांकावरही पेन्शन, मदत, सेवा यांची चौकशी होते. प्रत्येक शहरात मानसिक आरोग्य कल्याण केंद्र असतं आणि सुवोनमध्ये तर वृद्धांसाठी वेगळं केंद्र आहे. आजी मानसोपचाराला नाहीच म्हणाल्या तर ‘झोपेसाठी दाखवू’ म्हणून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरकडे न्या आणि ते वाक्य डॉक्टरांना स्वतः सांगा. आत्महत्येने जाणारी बरीच वृद्ध माणसं आधीच्या महिन्यात कुठल्या ना कुठल्या डॉक्टरला भेटून आलेली असतात, फक्त तो विषय निघालेला नसतो. यजमानांचं वर्षश्राद्ध, चुसोक या सुगीच्या सणानंतर मुलं परत गेल्यावरचे दिवस, आणि कधी रुग्णालयात राहावं लागलं तर घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे, या काळात जास्त लक्ष ठेवा. सगळं एकट्याने उचलू नका. वरच्या मजल्यावरची बाई, कोपऱ्यावरचा दुकानदार, असे दोघे-तिघे माहितीत असू द्या.

कराडचं. दोघं आहेत तोवर बहुधा ठीक असतील, पण फोन आईलाच करत असाल तर आजपासून वडिलांना वेगळा करा. ‘जेवलात का, गोळ्या घेतल्या का’ एवढ्यावर ठेवू नका. त्यांना येत असलेलं काहीतरी विचारा: वाटणीच्या कागदांचं, गाडीच्या आवाजाचं, सुवोनच्या थंडीत कोणतं कडधान्य भिजवावं याचं. आणि कुणाच्याही तोंडून ‘आता आमचं काय राहिलंय’ आलं तर विषय बदलू नका, ‘म्हणजे काय, बाबा?’ एवढं विचारून थांबा. कराडहून मदत हवी असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर दिवसरात्र मराठीत बोलता येतं, घरातल्या कुणीही लावला तरी चालतो.